सॉफ्टवेअर आकार काढून देतं, मग कानस कशाला मारायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात. भार किती आणि बोल्ट कुठे एवढं सांगितलं की सॉफ्टवेअर ब्रॅकेटचे दहा-वीस आकार स्वतःच काढून देतं. फाइल पाठवली की लेझरवाला पत्रा कापून देतो आणि उरलेलं थ्रीडी प्रिंटर करतो. अशा वेळी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घासत बसावं, की तेवढा वेळ आणि पैसा जनरेटिव्ह डिझाइनच्या, म्हणजे असं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या, कोर्सला द्यावा, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर तुम्ही पुढे काय करणार यावर बरंच अवलंबून आहे. फ्लुइड सिम्युलेशन, कंट्रोल्स किंवा निव्वळ विश्लेषणाकडे जाणार असाल तर कॉलेजात होतं तेवढं वर्कशॉप पुरे, जास्त जीव काढू नका. पण तुम्ही काढलेला भाग भोसरीत कुणीतरी कापणार, चाकणला दुसरं कुणीतरी तो बोल्टने बसवणार आणि तिसरा कुणी सहा महिन्यांनी उघडून दुरुस्त करणार असेल, तर साठेक तास हाताने काम करा. वर्षं नव्हे, साठ तास. आकडा मुद्दाम छोटा सांगतोय, कारण ‘हाताचं काम थोर’ छापाचं कौतुक मला मान्य नाही. हाताने मार्किंग करून पाडलेलं भोक ०.२ मिमी सहज चुकतं, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, ते ०.०२ मध्ये पाडतं. उत्पादनासाठी हात हरलाय आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

खरा प्रश्न असा आहे की धातू कापण्याआधी ड्रॉइंग चुकलंय हे कुणाच्या लक्षात येणार? सॉफ्टवेअरच्या येत नाही, कारण ते तुम्ही दिलेलं गणित सोडवतं. नको तिथला धातू काढत आकार शोधण्याचं हे गणित तसं जुनं आहे. बेंडसो आणि किकुची यांचा त्यावरचा गाजलेला लेख १९८८ चा. आता संगणक वेगवान झाले म्हणून ते तुमच्या लॅपटॉपवर चालतं. गणित पक्कं आहे. चुका होतात त्या आत काय घातलं यात.

उदाहरण घ्या. २० किलोची मोटर धरणारा ब्रॅकेट आहे. विद्यार्थी २०० न्यूटनचा भार खाली देतो, दोन एम८ (८ मिमी बोल्टची) भोकं ‘फिक्स’ करतो आणि बटण दाबतो. येतो तो आकार वडाच्या पारंब्यांसारखा, बघायला सुंदर. आता तो बोल्ट प्रत्यक्ष आवळा. ८.८ ग्रेडचा एम८ बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळला आणि नट फॅक्टर (आट्यांतल्या घर्षणाचा हिशोब धरणारा आकडा) ०.२ धरला, तर बोल्टमध्ये साधारण १५,६०० न्यूटनची ओढ येते. तुम्ही दिलेल्या भाराच्या जवळजवळ ऐंशीपट! एम८चा वॉशर बाहेरून १६ आणि आतून ८.४ मिमी, म्हणजे त्याखालचं क्षेत्रफळ साधारण १४६ चौरस मिमी. दाब झाला १०७ मेगापास्कल. माइल्ड स्टीलला हे काहीच नाही. थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, मात्र दबतं. पाना फिरत राहतो, घट्ट झाल्यासारखा वाटतच नाही आणि चार दिवसांनी बोल्ट सैल. ज्याने एकदा प्लास्टिकमध्ये बोल्ट आवळलाय त्याला पान्यातून येणारा तो मऊपणा माहीत असतो. पुढच्या वेळी तो सॉफ्टवेअरला भोकाभोवती जाड बॉस (भरीव कडं) राखून ठेवायला सांगतो किंवा आत पितळी बुश (छोटी नळी) घालतो.

तीच गोष्ट पान्याच्या जागेची. एम८ला लागणारा १३ नंबरचा सॉकेट बाहेरून साधारण १८ मिमी असतो. त्या पारंब्यांमध्ये तो शिरतो का? साध्या पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं ते उगाच नाही. पाना उलटसुलट करत ३० अंशांच्या जागेतही नट फिरवता येतो. पण तेवढी जागा तर हवी. सॉफ्टवेअरमध्ये ‘इथे धातू नको’ असं सांगायची सोय असते. तिथे बोल्टच्या डोक्याएवढा सिलिंडर ठेवून मोकळे होऊ नका, सॉकेट आणि हाताची मूठ मावेल एवढी जागा अडवा.

आता हाताने काय करायचं. तीन कामं सांगतो. क्रमही तोच ठेवा.

पहिलं काम म्हणजे तुम्ही ज्याला कंटाळलात तेच, कानस. १० मिमी जाड माइल्ड स्टीलचा ५० बाय ५० चा तुकडा हॅकसॉने कापा. ब्लेड इंचाला २४ दात्यांचं, दाते पुढच्या बाजूला. आधी एक कड सपाट करा आणि तिला ‘अ’ म्हणा. मग शेजारची कड ‘अ’शी काटकोनात, मग समोरची समांतर. दाब फक्त पुढे ढकलताना द्यायचा, मागे आणताना कानस नुसती सरकवायची. सुरुवातीला कडेला हमखास पोट येतं, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना उतार. कारण साधं आहे: ढकलताना सुरुवातीला मुठीकडचा हात जड होतो, शेवटी टोकाकडचा, त्यामुळे कानस झोक्यासारखी झुलते. गुण्या लावून उजेडाकडे धरा, फट लगेच दिसते. कानशीला खडू घासला की दात्यांत कीस अडकून ओरखडे पडत नाहीत. ॲल्युमिनियमवर तर खडूशिवाय कानस लावूच नका.

यातून काय कळतं ते नीट बघा. कड ०.१ मिमीपर्यंत सपाट करायला नवख्याला तासभर लागतो. ०.०५ला आणायला आणखी तेवढाच किंवा जास्त वेळ जातो. ०.०२ला पोचायचं तर अख्खा दिवस जातो, तरी खात्री नाही. ड्रॉइंगवर मात्र ०.१च्या जागी ०.०२ टाइप करायला एक सेकंद लागतो. मशीनवर हे प्रमाण बदलतं, पण चढण तीच असते: फिनिशिंगचा जादा कट, मग ग्राइंडिंग, मग तपासणीला वेगळं साधन, आणि हे सगळं कोटेशनमध्ये उतरतं. दुसरं म्हणजे डेटम, म्हणजे जिच्यावरून सगळी मापं घ्यायची ती कड. तिसरी कड मोजताना ‘अ’ऐवजी भलत्याच कडेवरून माप घेतलं की आधीची सगळी चूक त्यात जमा होते. पुस्तकातली डेटमची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा तुकडा एकदा बिघडवलेला बरा.

दुसरं काम दोन प्लेटचं. १०० बाय १०० च्या, ६ मिमी जाड अशा दोन प्लेट घ्या. चौकोनात ८० मिमी अंतरावर चार भोकं. खालच्या प्लेटमध्ये ५ मिमी ड्रिल मारून एम६चे आटे पाडा, वरच्या प्लेटमध्ये ६.६ मिमीची आरपार भोकं. दोन्हींचं मार्किंग वेगवेगळं करायचं: स्टीलची पट्टी, स्क्राइबर, सेंटर पंच. टॅप अर्धा-एक फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, तेल घालत. मागे फिरवताना कीस तुटल्याची कट्ट अशी जाणीव हाताला होते. ती झाली नाही आणि टॅप रबरासारखा ताणल्यासारखा वाटला तर तिथेच थांबा, पुढचा आवाज टॅप तुटल्याचा असतो.

आता जोडा. बहुधा पहिले दोन बोल्ट सहज जातील, तिसरा जरा ढकलल्यावर, आणि चौथा जाणार नाही. हिशोब करा. ६.६ वजा ६ म्हणजे ०.६ मिमी मोकळीक, म्हणजे दोन केंद्रांमध्ये ०.३ पर्यंतचा फरक चालतो. दोन प्लेटना निम्मा निम्मा वाटला तर प्रत्येक भोकाला जागेपासून ०.१५ सरकायची मुभा. स्क्राइबरची रेघच ०.१च्या वर रुंद असते, पंच थोडा घसरतो आणि ड्रिलचं टोक टेकताना भरकटतं. मग चौथा बोल्ट बसेलच कसा?

इथून पुढे जे सुचतं तेच डिझाइन. दोन्ही प्लेट एकत्र क्लॅम्प करून ५चं ड्रिल आरपार मारा, मग वरची प्लेट ६.६ने मोठी करा आणि खालचीत आटे पाडा. चारही बोल्ट बसतात. एक-दोन नग करायचे असतील तर ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे, पण अशा प्लेटची अदलाबदल होत नाही, हेही लक्षात ठेवा. किंवा वरचं भोक ७ मिमी करा. सीएनसीवर ०.१५ सहज मिळतं, तिथे ६.६ पुरे. पण खालची प्लेट ही वेल्ड केलेली फ्रेम असेल तर वेल्डिंगच्या ओढीने भोकं मिलिमीटरभरही सरकतात. तिथे लांबट खाच द्यावी लागते किंवा वेल्डिंगनंतर भोकं मारावी लागतात. स्क्रीनवर ही चारही भोकं एकमेकांवर अचूक बसलेली दिसतात, कारण तिथे सगळंच नाममात्र मापात असतं.

तिसरं काम पत्र्याचं, आणि यावर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण तुम्ही उद्या लेझरवाल्याला पाठवणार आहात त्या निम्म्याअधिक गोष्टी पत्र्याच्याच असतील. २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा एल-ब्रॅकेट, बाहेरून ५० आणि ३० मिमी. सॉफ्टवेअरमध्ये आतली त्रिज्या २ आणि के-फॅक्टर (वाकताना न ताणणारा थर आतून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) ०.४२ ठेवला तर ९० अंशांच्या बेंडमध्ये १.५७ गुणिले (२ + ०.८४) म्हणजे ४.४६ मिमी पत्रा जातो. दोन्ही बाजूंचे सरळ भाग ४६ आणि २६. सपाट लांबी ७६.४६ मिमी. फाइल गेली, तुकडा आला, बेंड झाला, आणि पाव मिलिमीटर जास्त भरला. कुणाचं चुकलं?

कुणाचंच नाही. बेंडिंगवाल्याने २ मिमी पत्र्याला नेहमीसारखी १६ मिमीची व्ही-डाय (पत्रा ज्यात दाबून वाकवतात तो व्ही आकाराचा साचा) लावली. पत्रा डायच्या तळाला न टेकवता, हवेत वाकवताना आतली त्रिज्या पंचापेक्षा डायच्या रुंदीवर ठरते. माइल्ड स्टीलसाठी रुंदीच्या साधारण १६ टक्के, म्हणजे इथे २.६. ती त्रिज्या घालून हिशोब केला तर सपाट लांबी ७६.२० यायला हवी होती. एका बेंडला ०.२६ चा फरक. चार बेंडच्या पेटीत तो मिलिमीटरच्या पुढे जातो आणि झाकण बसत नाही. त्यात भर म्हणजे ‘२ मिमी’ पत्रा मायक्रोमीटरने बरेचदा १.९च्या आसपास भरतो.

म्हणून असं करा. त्याच पत्र्याच्या २५ मिमी रुंद, बरोबर १०० मिमी लांब अशा तीन पट्ट्या कापा, कडांची बर (कापताना उरलेली धारदार कोर) काढा. बेंडिंगवाल्याकडे जाऊन नेहमीच्या डायवर मधोमध ९० अंशांत वाकवून घ्या. डाय कितीची ते विचारून पट्टीवरच लिहा. मग दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजून बेरीज करा. समजा १०३.८ आली. वरचे ३.८ म्हणजे तुमचं बेंड डिडक्शन (बाहेरच्या मापांच्या बेरजेतून वजा करायची लांबी), सॉफ्टवेअरमध्ये थेट तेच घाला. २ मिमी त्रिज्येच्या हिशोबाने ते ३.५४ निघालं असतं. आता के-फॅक्टर ०.३३ की ०.४४ हा वादच उरत नाही. एक सूचना: घरी व्हाइसमध्ये अँगल लावून हातोडीने वाकवलेल्या पट्टीचा आकडा मशीनला वापरू नका. तिथली त्रिज्या अँगलच्या कडेवर ठरते. पण एक पट्टी हाताने वाकवाच, कारण सोडल्यावर पत्रा एक-दोन अंश परत उघडतो ते मनगटाला कळतं. स्टेनलेस त्याहून जास्त उघडतो.

बेंडपाशी आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एका पट्टीत वाकवण्याआधी बेंडच्या रेषेपासून ४ मिमीवर एक भोक मारा. वाकवल्यावर ते अंडाकृती होतं. म्हणून भोकाची कड बेंडच्या गोलाईपासून जाडीच्या अडीच पट अधिक त्रिज्या एवढी तरी लांब ठेवतात, २ मिमी पत्र्याला साधारण ७ मिमी. दुसरं, १६च्या डायवर ११-१२ मिमीपेक्षा आखूड बाजू वाकवता येत नाही, कारण ती डायच्या दोन्ही कडांवर टेकतच नाही. मॉडेलमध्ये ८ मिमीची बाजू बिनतक्रार काढता येते. मग दुकानातून फोन येतो. आणि ६०६१-टी६ ॲल्युमिनियम वाकवायचा हट्ट धरू नका, बाहेरच्या बाजूने तडकतं. वाकवायचंच असेल तर ५०५२ घ्या आणि बेंड पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला आडवा ठेवा.

पदार्थ हाताखाली बदलतो हे पुण्यात बघायचं असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत जा. मठारकामात भांड्यावर ठोके घालतात ते नुसत्या नक्षीसाठी नाही. ठोक्यांनी तांबं कडक होतं, भांड्याला ताठपणा येतो. घडवताना ते फार कडक झालं तर तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. हेच ३०४ स्टेनलेसला ड्रिल मारताना होतं, फक्त तिथे ते नको असतं. १० मिमी ड्रिल माइल्ड स्टीलवर साधारण ८०० आरपीएमला चालतं. तोच वेग स्टेनलेसला ठेवला आणि दाब हलका दिला की ड्रिल कापण्याऐवजी घासतं, पृष्ठभाग कडक होतो, मग ड्रिल निळं पडून बसतं. वेग ३८०च्या आसपास, दाब सलग आणि कूलंट सतत. एकदा ड्रिल जाळलं की स्टेनलेसमध्ये आटे मागण्याआधी तुम्ही पंच केलेलं भोक आणि वेल्ड नटचा (पत्र्याला वेल्ड करून बसवलेल्या नटचा) विचार आपोआप कराल.

उलट बाजूही सांगायला हवी. हाताने आणि लेथवर वाढलेला माणूस प्रिंटरसाठी डिझाइन करताना उगाच ठोकळे काढतो. आतून पोकळ, वाकडी वाट, जाळी हे सगळं प्रिंटरला फुकट आहे आणि त्याला ते सुचत नाही. तिथे तुमचं सॉफ्टवेअर त्याच्या पुढे आहे. फक्त प्रिंटरच्याही खोडी हाताळूनच कळतात. ६.६चं भोक ६.३ निघतं, थर एकमेकांपासून सुटतील अशा दिशेने ओढलं की भाग थरावर फाटतो, आणि पीएलए ६० अंशांजवळ मऊ होतं. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ब्रॅकेट ठेवून बघा.

हत्यारांचं म्हणाल तर यादी लांब नाही. १० इंची बास्टर्ड (भरड दात्यांची) आणि ६ इंची स्मूथ (बारीक दात्यांची) कानस, हॅकसॉ, १५० मिमी व्हर्नियर, ४ इंची गुण्या, स्क्राइबर, सेंटर पंच, एम५ आणि एम६ टॅपचे संच, ४.२, ५, ५.५ आणि ६.६ची ड्रिल. व्हाइस जुन्या बाजारातून घेतला तरी चालतो, जबडे समांतर मिटतात एवढं बघा. कानस आणि टॅप मात्र नवेच घ्या. दात्यांची टोकं पांढरी चमकणारी कानस म्हणजे लोखंडाची पट्टी. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नका, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा, आणि पातळ पत्रा हाताने धरून भोक मारू नका. ड्रिल आरपार जाताना पत्रा पकडून पंख्यासारखा फिरवतं. खाली लाकूड, वर क्लॅम्प.

जागा कॉलेजच्या वर्कशॉपचीच घ्या. सबमिशनचा आठवडा सोडून गेलात तर तिथले मामा वेळ देतात आणि तुमच्या ड्रॉइंगवर फुकट हसूनही देतात. त्या हसण्याचं कारण मात्र विचारून घ्या. दोन दिवस काढता आले तर शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघून या. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तो हाताने काम करत शिकण्यासाठीच काढला आणि २००२ पासून तिथे फॅब लॅबही (डिजिटल यंत्रांची कार्यशाळा) आहे. वेल्डिंग आणि लेझर कटर एकाच आवारात असले की दोन्हींतलं भांडण किती खोटं आहे ते दिसतं.

कोर्सचं शेवटी. करा, पण या सत्राअखेर. तोवर कानशीला वीस तास, प्लेटना पंधरा आणि पत्र्याला पंचवीस द्या. कोर्सला बसाल तेव्हा पहिला सराव म्हणून मोटरचा तोच ब्रॅकेट घ्या आणि बटण दाबण्याआधी कागदावर लिहा: बोल्टची ओढ किती, पाना कुठून येणार, भाग मशीनवर कुठे पकडणार, डाय कितीची. शिकवणाऱ्याला यातला तिसरा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. पारंब्यांसारखा भाग व्हाइसमध्ये कुठे धरायचा, याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर फी भरण्याआधी दुसरा कोर्स बघा.